३० जूननंतर

मध्य प्रदेशात शाळेत गेलेल्या आमच्या वयाच्या सरकारी माणसांना जन्मतारीख विचारा, दर दुसरा-तिसरा १ जुलै सांगेल. शाळा जुलैत उघडायची. वडील बोट धरून मुलाला घेऊन जायचे, हेडमास्तर विचारायचे, "कितने साल का है?" वडील मनातल्या मनात हिशेब करून म्हणायचे, "पाच पूर्ण," आणि रजिस्टरात १ जुलै पडायचा. महाराष्ट्रात हीच मंडळी १ जूनला जन्मतात. माझी आई सांगायची की मी कडाक्याच्या थंडीतली, मेळा भरला होता तेव्हाची. कागदावर मी भर पावसाळ्यातली आहे.

या मानलेल्या वाढदिवसाला नोकरीच्या शेवटी फार किंमत येते. केंद्र सरकारचा नियम असा की, ज्या महिन्यात साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस. म्हणजे १ जुलैवाले ३० जूनला घरी. आणि आमची वार्षिक वेतनवाढ पडायची १ जुलैला! वर्षभर राबायचं आणि वाढ एका रात्रीने हुकायची. लोक कोर्टात गेले. ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, वाढ ही सरलेल्या वर्षाच्या कामाची असते, ती द्यायला हवी. पुढे २०२५ मध्ये केंद्राने निदान पेन्शनच्या हिशेबापुरती ती धरायचा आदेश काढला. हेडमास्तरांच्या एका फटकाऱ्याचा निकाल लागायला साठ वर्षं लागली.

मी ३० जून २०२४ ची. त्या दिवशी रविवार होता, त्यामुळे शाल, श्रीफळ, समोसे आणि भाषणं शुक्रवारीच उरकली. जूनअखेरीला आमच्याकडे निवृत्त होणाऱ्यांची अशी रांग असते की हारांची ऑर्डर घाऊक भावाने जाते. "मॅडम, अब आराम कीजिए," असं प्रत्येक जण म्हणाला. खरी निवृत्त झाले ती रविवारी, घरी, कांदे चिरताना. काहीही वाटलं नाही. सोमवारी मात्र नेहमीच्या वेळेला साडी नेसून तयार झाले आणि मग बाजारात जाऊन भाजी घेऊन आले, कारण साडी नेसून बसून तरी काय करणार.

मी ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कचेरीत होते, झाँसी रोडवरच्या लेखा भवनात. त्यातली बरीच वर्षं फंड सेक्शनला. मध्य प्रदेश सरकारच्या कर्मचाऱ्यांची भविष्य निर्वाह निधीची खाती इथे ग्वाल्हेरला ठेवली जातात, त्यामुळे झाबुआपासून बालाघाटपर्यंतचे मास्तर, पटवारी, नर्सबाई आमच्या टेबलापर्यंत यायच्या. बहुतेकांची तक्रार एकच, मिसिंग क्रेडिट. पगारातून फंड कापला गेलाय, पण त्या महिन्याची नोंद खात्यात पोचलेलीच नाही. मग जुन्या ट्रेझरीचं शेड्यूल शोधा, व्हाउचर नंबर मागवा, कापलेला महिना त्या माणसाच्या खात्यात आणून बसवा. सचिनने इथल्या रूपसिंह स्टेडियममध्ये द्विशतक मारलं त्या दिवशी, २४ फेब्रुवारी २०१०, आमच्या सेक्शनमधल्या निम्म्या लोकांना अचानक ताप आला होता. मी टेबलावरच होते. मला क्रिकेटपेक्षा ते हरवलेले महिने शोधण्यात जास्त मजा यायची, हे आता सांगायला हरकत नाही.

तिथे बसून मी दुसऱ्यांच्या निवृत्त्या खूप पाहिल्या. एक गोष्ट वारंवार दिसायची. माणूस फंडाचे पैसे मागायला यायचा तेव्हा ते पैसे बोलण्या-बोलण्यात संपलेले असायचे. मुलीचं लग्न ठरलेलं, धाकट्याला दुकान टाकून द्यायचंय, प्लॉटचा बयाणा देऊन झालाय. चेक निघायच्या आधीच त्याला धनी मिळालेले. आणि समोर बसलेला तो साठीचा माणूस स्वतःसाठी फक्त एक चष्मा करणार असायचा. मी काय बोलणार? मी "अगले हफ्ते पता कीजिए" म्हणायचे. पण घरी येऊन यांना सांगायचे, आपलं असं नको.

आमचे हे माझ्या चार वर्षं आधी निवृत्त झाले, सिथौलीच्या रेल्वे स्प्रिंग कारखान्यातून. त्यांचा स्वभाव असा की, मिळतंय ते घ्या, उद्याचं कोणी पाहिलंय. त्यांनी पेन्शनचा ४० टक्के भाग, म्हणजे विकता येतो तेवढा सगळा, विकून टाकला. विकणं म्हणजे दरमहाचा तेवढा भाग सोडून त्याची रक्कम आधीच एकरकमी घेणं, सरकारी भाषेत कम्युटेशन. माझी वेळ आली तेव्हा या विषयावर आमच्या जेवणाच्या टेबलावर जितकी चर्चा झाली तितकी मुलाच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

हिशेब सांगते, कारण अजूनही लोक तो न करता सही करतात. समजा मूळ पेन्शन ५०,००० बसली. तिचा ४० टक्के भाग २०,०००. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी तक्त्यातला आकडा आहे ८.१९४. वीस हजार गुणिले बारा, गुणिले ८.१९४. हातात १९,६६,५६० रुपये एकरकमी, आणि त्यावर आयकर नाही. बदल्यात पंधरा वर्षं दरमहा वीस हजार कमी मिळणार, म्हणजे एकूण ३६ लाख. डीए मात्र पूर्ण पन्नास हजारांवर मिळत राहतो. व्याज धरून मांडलं तर हे सुमारे ९ टक्क्यांचं कर्ज झालं. महाग वाटतं. पण यात एक कलम असं आहे जे कुठलीही बँक देणार नाही. घेणारा मधेच गेला तर उरलेली वसुली माफ, आणि मागे राहिलेल्याला कुटुंब निवृत्तिवेतन कापल्याशिवाय मिळतं. तेव्हा कर्ज म्हणा किंवा विमा म्हणा, दोन्ही एकाच कागदावर आहेत.

हे म्हणाले, "मग घे की पूर्ण." मी म्हटलं, डोक्यावर घराचं कर्ज नाही, कुणाचं लग्न राहिलेलं नाही, तुमची रक्कम आधीच पोस्टात पडलीय, मग मी कशाला विकू? आणि मला सगळ्यात खटकत होतं ते वेगळंच. एकदा विकलेली पेन्शन पंधरा वर्षं परत विकत घेता येत नाही. आमच्या खात्यात चुकीच्या शीर्षाखाली पडलेली रक्कम ट्रान्सफर एन्ट्री टाकून जागेवर आणता यायची. जगातले बरेच घोळ असे निस्तरता येतात या विश्वासावर मी नोकरी काढली. म्हणून मी निवृत्तीचे सगळे निर्णय एका कागदावर लिहिले आणि प्रत्येकापुढे फक्त एवढंच लिहिलं: परत फिरवता येईल की नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना: येईल. मर्यादा २०२३ पासून माणशी ३० लाख, व्याज ८.२ टक्के, पूर्ण रक्कम ठेवली तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. मुदत पाच वर्षं, पण एका वर्षानंतर मोडली तर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापून पैसे परत. पश्चात्तापाची किंमत तरी आधी छापलेली आहे. कम्युटेशन: नाही. मुलाला फ्लॅटसाठी रक्कम देणं: कागदावर येईल, तोंडाने मागता येणार नाही, म्हणजे नाही. घर विकणं: अजिबात नाही. नातवाला सांभाळायचं कबूल करणं. यापुढे मी बराच वेळ पेन धरून बसले होते.

शेवटी मी ४० ऐवजी २० टक्केच विकले. हे अजून चिडवतात, "अर्धा विमा काढलेली बाई."

हे सगळं लिहिताना शेजारच्या काकांची आठवण होतेच. ते कापडगिरणीत होते. ग्वाल्हेरची ती मोठी गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली तेव्हा त्यांना निवृत्तीचं वय लागायला बरीच वर्षं होती. खासगी क्षेत्राच्या ईपीएस-९५ योजनेत किमान पेन्शन आहे महिना १,००० रुपये, आणि ती किमान रक्कमही सप्टेंबर २०१४ पासूनची. काका एकदा माझा तो कागद बघून म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे हा कागद कोराच राहिला असता." निवृत्तीचं नियोजन यावर जे लेख येतात, ज्यांच्यात हसऱ्या म्हातारा-म्हातारीचा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो असतो, ते माझ्यासारख्यांसाठी लिहिलेले असतात. काका पंच्याहत्तरीपर्यंत दालबाजारातल्या एका आडत्याची वही लिहीत होते.

पैशाचं असं झालं. वेळेचं मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाई निवृत्त होते आणि पुरुष निवृत्त होतो यात फरक आहे. हे घरी बसले तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, "आता वेळ कसा घालवणार?" मी घरी बसले तेव्हा कुणीही तसं विचारलं नाही. सगळ्यांकडे माझ्या वेळासाठी कामं तयार होती. जाऊबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सोबत हवी होती. मंडळाच्या हळदीकुंकवाचे हिशेब, कुणाच्या मुंजीचे लाडू, नणंदेच्या घराच्या किल्ल्या आणि तिच्या कुंड्यांना पाणी. "तू घरीच असतेस ना आता," हे वाक्य मी त्या पावसाळ्यात किती वेळा ऐकलं ते देव जाणे. नोकरी होती तेव्हा 'नाही' म्हणायला ऑफिस नावाचं एक भक्कम कारण होतं. ते गेलं आणि मला कळेना की स्वतःच्या नावावर 'नाही' कसं म्हणायचं.

आणि घरात हे. चार वर्षांत त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. मी ऑफिसात असताना चहा, सकाळचे पोहे, दुपारी उरलेलं गरम करणं हे सगळं त्यांच्याकडे गेलेलं, आणि त्याबद्दल मी ऑफिसात मिरवायचे सुद्धा. आता डब्यांच्या जागा बदललेल्या. हिंगाची डबी चहाच्या फडताळात, कारण "हाताशी येते". आम्ही दोघं एका ओट्यापाशी उभे राहिलो की जिन्यात दोन माणसं समोरासमोर आल्यासारखं व्हायचं, आधी कोण सरकणार ते ठरेना. भांडण असं झालं नाही. एके दिवशी मी सकाळचा ओटा त्यांना देऊन टाकला. सकाळी दहापर्यंत मी स्वयंपाकघरात जात नाही, चहासुद्धा हातात आयता येतो. सदतीस-अडतीस वर्षं डबा भरून धावणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी ग्रॅच्युइटी असू शकते असं मला वाटत नाही.

मोकळ्या सकाळी आणखी एक गोष्ट हाती लागली. तानसेन समारोह, आमच्याकडचा दरवर्षीचा संगीत महोत्सव. डिसेंबर २०२४ ला त्याचं शंभरावं वर्ष होतं. आम्ही ग्वाल्हेरचे, समारोहाला जातो म्हणजे रात्रीच्या सभेला जातो, तेही शनिवार-रविवार असला तर, स्वेटर-मफलर-शाल गुंडाळून, मूठभर शेंगदाणे खिशात घेऊन. पण समारोह उघडतो सकाळी, हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी. शहनाई होते, मग ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा, मग मिलाद. जन्म या गावात गेला आणि हे मी पाहिलेलंच नव्हतं, कारण सकाळी मी मस्टरवर सही करत असायचे. त्या वर्षी जाऊन बसले. उन्हात सतरंजीवर बसून हरिकथा ऐकताना आजूबाजूला पाहिलं, तर बहुतेक सगळे माझ्याच वयाचे. एजीतून निवृत्त झालेले दोघे ओळखीचे निघाले. एक जण म्हणाले, "मॅडम, कल सुबह की सभा में भी आइए, ध्रुपद है." मी गेले. ध्रुपद मला फारसं कळत नाही. पण कामाच्या वारी सकाळी दहा वाजता कुठेतरी बसून काही न कळणं, याचाही एक आनंद आहे.

काम परत आलं ते वेगळ्या दाराने. वाड्यातल्या एका काकूंचे यजमान गेले आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. नवऱ्याच्या सर्व्हिस बुकात बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं. यात नवल काहीच नाही. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची हौस होती. माहेरची एक, सासरची दुसरी, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर तिसरं स्पेलिंग. हिंदी भाषकांच्या कचेरीत बसलेल्या बाबूला ही एकच बाई आहे हे कसं कळावं? त्याच्या दृष्टीने मेलेल्या माणसाच्या पेन्शनीवर दोन बायका हक्क सांगताहेत. मग शपथपत्र करा, राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्या, लग्नाचा पुरावा जोडा. काकूंकडे लग्नाचा पुरावा म्हणून एक फोटो होता, त्यात दोघांची तोंडं मुंडावळ्यांमागे. काम झालं शेवटी, पण ज्या वयात माणसाने दुःख करत बसावं त्या वयात त्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्या होत्या.

त्यानंतर लोक यायलाच लागले. कुणाच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, जन्मतारीख नाही. ती नसेल तर ऐंशीनंतर मिळणारी २० टक्के जादा पेन्शन अडते; पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला दुप्पट, असं ते चढत जातं. एका आजोबांचं वय ब्याऐंशी आणि त्यांना हे माहीतच नव्हतं. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. २०१४ पासून तो अंगठा लावून घरबसल्या देता येतो, पण भांडी घासून आणि वय होऊन बोटांचे ठसे पुसलेले असतात, यंत्र ओळखतच नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. आजी पदर सावरून, टिकली नीट करून कॅमेऱ्यासमोर बसतात आणि मी सांगते, "डोळे मिचकवा." पापणी लवली की सरकारला पटतं.

जुनं काम इतकं आवडलं की पहिल्या काही महिन्यांत परत ऑफिसच सुरू झालं. दुपारी झोपेतून उठवून लोक फाइल पुढे करायचे. मग मी वार ठरवले. सोमवार आणि गुरुवार, अकरा ते एक. बाकी दिवशी कुणी आलं तर हे दारातूनच सांगतात, "मॅडम दौऱ्यावर आहेत." लोकांना राग येईल असं वाटलं होतं, पण उलट मान वाढला. जाऊबाईंनीसुद्धा गुरुवारी फोन करणं सोडलंय.

आणि पुणे.

ग्वाल्हेरच्या कुठल्याही मराठी घरात निवृत्तीनंतरचा प्रश्न म्हणजे पुणे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली तळ दिला, त्यांच्या मागोमाग कारकून, पुजारी, गवई आले, त्यांतलेच आमच्या सासरचे कुणीतरी. मुक्काम दोनशे वर्षं लांबला. आता परत निघालोय ते एकेक फ्लॅट करून, कोथरूडला, सिंहगड रोडला, वाकडला. पत्ते मराठी राहिलेत: चिटनिस की गोठ, फालका बाजार, ढोलीबुवा का पुल. आमच्या गल्लीत गणपतीच्या आरतीला पूर्वी उभं राहायला जागा नसायची. आता 'सुखकर्ता'ला मराठी आवाज कमी आणि शेजारच्या गुप्ता-शर्मांच्या मुलांचे जास्त, आणि खरं सांगायचं तर त्यांनाच सगळी कडवी पाठ आहेत.

मुलगा हिंजवडीला नोकरी करतो. तो आणि सूनबाई दोघंही मनापासून म्हणतात, "आई, इथे या. खाली टू-बीएचके विकायला आहे." मी वर लिहिलेला कागद त्याला फोनवर वाचून दाखवला होता, तेव्हा तो म्हणाला होता, "मग आधी भाड्याने राहून बघा." पोरगं हिशेबात आईवर गेलंय. म्हणून गेल्या उन्हाळ्यात, ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसकडे निघाला तेव्हा, आम्ही झेलम पकडली. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निम्मं भाडं लागायचं. मी अठ्ठावन्नची होईपर्यंत ती गेली होती. हे माझं नशीब १ जुलैचंच.

पुण्यात यांना फार छान वाटलं, हे मान्य केलं पाहिजे. नाटकं, वाचनालय, दवाखाना हाकेवर, मे महिन्यात संध्याकाळी वारा. आजूबाजूला सगळे मराठी बोलणारे. हे तिथे चार दिवसांत मिसळले. मी संध्याकाळी सोसायटीच्या बाकांवर जाऊन बसायचे. तिथे सगळे माझ्यासारखेच, मुलाकडे किंवा मुलीकडे आलेले. नागपूर, इंदूर, लातूर, बेळगाव. ओळख निघाली की पहिला प्रश्न, "किती दिवस आहात?" कुणी "कायमचे" म्हणालं की बाकीचे क्षणभर गप्प व्हायचे आणि मग कुणीतरी म्हणायचं, "छान, छान." त्यातल्या एक बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. गावातलं घर विकून आल्या होत्या. म्हणाल्या, सगळं उत्तम आहे, सून लेकीसारखी आहे, फक्त भांडण झालं तर जायला जागा नाही. हसत म्हणाल्या, पण मी माझ्या कागदावरच्या 'घर विकणं' या ओळीखाली मनातल्या मनात आणखी एक रेघ मारली.

नातवाचं मी आधीच सांगून टाकलं होतं: सुट्टीत येईन, आजारी पडला तर धावत येईन, पण रोजची पाळणाघराची वेळ माझ्या नावावर धरू नका. सूनबाईला पहिल्यांदा लागलं असावं. तिने काही दिवस मला चहा जरा औपचारिकपणे दिला. नंतर एका रविवारी तीच म्हणाली, "आई, मी साठीची झाले की मीही असंच सांगणार." तेव्हापासून आमचं बरं चाललंय.

पण पुण्याचा निर्णय अजून व्हायचाय आणि तो व्हायची मला घाई नाही. यांचं मन तिकडे आहे. माझं इथे. यांचा मुद्दा बिनतोड आहे: आत्ता पाय चालताहेत तोवर नव्या गावात ओळखी होतील, ऐंशीला नेऊन ठेवलं तर खोलीच्या बाहेर कोणी ओळखीचं नसेल. माझाही मुद्दा बिनतोड आहे: इथे रात्री दोनला हाक मारली तर चार दारं उघडतात. शिवाय वाडा विकायचा म्हटला तरी विकणार कसा? दहा-बारा चुलतभावंडांच्या सह्या लागतील, त्यातले दोघे अमेरिकेत, एक नागपूरला, एकाचा पत्ताच नाही. जे ठरवता येत नाही त्याबद्दल वाद घालण्यात आम्हा दोघांना रस आहे आणि त्यात संध्याकाळ चांगली जाते. तूर्त असं ठरलंय की, एप्रिल-मे पुण्याला, पाऊस लागायच्या आत परत, कारण आमच्या दगडी पट्ट्यांच्या छताच्या सांध्यांतून पाणी ठिबकतं आणि बादल्या कुठे ठेवायच्या ते फक्त आम्हालाच माहीत आहे.

राहायचंच असेल इथे तर घर म्हाताऱ्यांचं करून घेतलं पाहिजे, हे माझं म्हणणं, आणि ते यांनाही पटलंय. आमची निजायची खोली वर, संडास खाली, मधे वाड्याचा तो उभा जिना, ज्याची प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची. या हिवाळ्यात खालच्या बैठकीच्या खोलीत पलंग आणला. बैठक वर गेली, पाहुण्यांनी चढावं. मोरीची बाथरूम केली, उंबरा काढला, खरखरीत फरशी बसवली, कमोड बसवला. गवंडी म्हणाला, "अम्माजी, अभी से क्यों? अभी तो आप लोग दौड़ रहे हो." मी म्हटलं, दौड़ रहे हैं तभी तो. पडल्यावर कोण उभं राहून तुझं काम तपासणार?

भिंतीला धरायचे दोन स्टीलचे दांडे आणलेत. हे पाच फूट दहा, मी पाच फूट नाही. त्यांच्या मते दांडा कोपराच्या उंचीवर हवा, म्हणजे त्यांच्या कोपराच्या. माझं म्हणणं, बसून उठताना लागतो तो खाली हवा. गवंडी दोनदा येऊन गेला आणि भोकं न पाडता चहा पिऊन परत गेला. तो म्हणतो, एकदा टाइल फोडली की मग काही बदलता येणार नाही, नीट ठरवून सांगा. शनिवारी परत येणार आहे.